कपाटांतील उणें आणि अधिक



भरलेल्या कपाटासमोर उभें राहून "घालायला कांहीं नाहीं" असें म्हणणारें माणूस बहुतेक प्रत्येक घरांत असतें. घरांतील इतर मंडळी त्यावर हंसतात आणि कपाटाचें दार लागतां लागत नाहीं, याकडे बोट दाखवितात. मला वाटतें, दोन्ही पक्ष खरेंच बोलत असतात. कपाट खरोखरीच भरलेलें असतें, आणि घालण्याजोगें त्यांत खरोखरीच कांहीं नसतें. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या कशा होतात, आणि त्यावर उपाय काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतें. कांहीं वर्षांपूर्वींची, जुलै महिन्यांतली एक सकाळ. मुंबईंत जुलै म्हणजे सरासरीनें ८०० मिलिमीटरांहून अधिक पावसाचा महिना. दोऱ्यांवर, पंख्याखालीं, खुर्च्यांच्या पाठींवर, सगळीकडे ओले कपडे. माझ्या एका जुन्या मैत्रिणीचे वडील रात्रीं वारल्याचा निरोप आला. नऊ वाजेपर्यंत पोंचावयाचें होतें. कपाटांत माझ्या त्रेचाळीस साड्या होत्या. हा आंकडा अर्थात् मीं मागाहून मोजला. जरीकांठाच्या बाजूस सारल्या, भडक रंगाच्या वगळल्या, आणि साध्या, फिकट, सुती अशा तीनच उरल्या. त्यांपैकीं एक दोरीवर ओली होती. दुसरीवरचें पोलकें मला होईनासें झालें होतें. तिसरीवर हळदीचा मोठा डाग होता. शेवटीं शेजारच्या वहिनींचें पातळ आणि त्यांचेंच पोलकें टांचण्या लावून नेसलें आणि निघालें. पोंचलें तेव्हां सव्वादहा वाजून गेले होते आणि मंडळी स्मशानाकडे निघालीं होतीं. ज्या तासाभरांत मैत्रिणीजवळ बसावयाचें, तो तास मीं कपाटापुढें घालविला. ती मला त्याबद्दल कधींहि बोलली नाहीं. पण मला मात्र तें विसरतां आलें नाहीं.

त्यानंतर कपाटाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. आपण कपडे मोजतों ते नगांनीं. वास्तविक ते मोजले पाहिजेत कामांनीं. त्रेचाळीस साड्यांपैकीं एकतीस लग्न, मुंज, हळदीकुंकू यांच्यासाठीं होत्या, आणि असे प्रसंग वर्षांतून पंधरा-वीसच येतात. उरलेल्या बारा साड्यांवर उरलेल्या साऱ्या वर्षाचा भार होता. अधिक होतें तेथें फारच अधिक होतें. उणें होतें तेथें अगदीं उणें होतें. आणि अधिकाच्या ढिगाखालीं हें उणें दिसतच नव्हतें.

म्हणून ज्यांना आपलें कपाट तपासावयाचें असेल त्यांनीं तें उघडण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. त्यावर साडी, सदरा, विजार असें कांहीं न लिहितां गेल्या महिन्याचे दिवस लिहावे. कचेरीचे किती, घरच्या कामाचे किती, प्रवासाचे किती, दवाखान्याचे किती, समारंभाचे किती. मग प्रत्येकापुढें त्या कामाचे कपडे किती आहेत तें मांडावें. ज्या ओळींत दिवस अधिक आणि कपडे थोडे, ती ओळ उण्याची. जेथें कपडे अधिक आणि दिवस थोडे, ती अधिकाची. लग्नसराईच्या किंवा गणपतीच्या महिन्यांत ही मांडणी करूं नये; साध्या महिन्याची करावी.

आतां पुरेसें म्हणजे किती, हा प्रश्न येतो. त्याचें उत्तर हौसेवर सोडण्याचें कारण नाहीं. पुष्कळसें तें गणितानें देतां येतें. समजा, एक गृहस्थ रोज कचेरीला जातात आणि घरीं धुणें एक दिवसाआड होतें. एका सदऱ्याचा फेरा असा: घालण्याचा एक दिवस, धुण्याची वाट पाहण्याचा एक, धुऊन वाळण्याचा एक आणि इस्त्रीचा एक. चार दिवस झाले. म्हणजे चार सदरे, आणि बटण तुटलें किंवा चहा सांडला तर वर एक, असे पांच उन्हाळ्यांत पुरतात. पावसाळ्यांत मात्र वाळावयास एकाऐवजीं तीन दिवस लागतात. फेरा सहा दिवसांचा होतो, आणि गरज सातांवर जाते. या गृहस्थांजवळ सात सदरे असतील तर त्यांचें ठीक चाललें आहे. पंधरा असतील तर आठ केवळ जागा अडवून बसले आहेत. आणि पांचच असतील तर जुलैमध्यें एखाद्या दिवशीं ते दमट सदरा अंगावर चढवून जातील आणि दिवसभर त्याचा वास लपवीत बसतील. आपापल्या घराचें धुण्याचें आणि वाळण्याचें मान घेऊन प्रत्येकानें हा हिशेब स्वतः करावा. गच्चीवर ऊन असणाऱ्याचें उत्तर निराळें, आणि खिडकीबाहेरच्या दोरीवर भागविणाऱ्याचें निराळें.

येथेंच कापडाच्या जातीचा विचार येतो. साधारण हवेंत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टरचा धागा अर्ध्या टक्क्याहूनहि कमी. म्हणूनच सुती कापड घाम टिपतें आणि उन्हाळ्यांत सुखाचें वाटतें. परंतु त्याच गुणामुळें तें पावसाळ्यांत वाळतां वाळत नाहीं. पॉलिएस्टर लवकर वाळतें, पण घाम टिपीत नाहीं. दोन्ही धागे मिसळून विणलेलें कापड मधला मार्ग काढतें. तेव्हां "मला पावसाळ्यांत कपडे पुरत नाहींत" अशी ज्याची तक्रार आहे, त्याचें उणें संख्येचें नसून जातीचें असूं शकतें. आणखी पांच सुती सदरे आणून तें भरून निघणार नाहीं. लवकर वाळणारे दोन आणले तर कदाचित् निघेल.

कोणते कपडे आपण खरोखर वापरतों, याविषयीं आपली आठवण विश्वासाची नसते. आवडतीं वस्त्रें आपण फार वेळां घालतों असें वाटतें. यावर दोन सोपे साक्षीदार आहेत. एक म्हणजे इस्त्रीची वही. पूर्वीं घरोघरीं परटाची वही असे. आतां बहुतेक ठिकाणीं इस्त्रीवाल्याची असते. दोन महिन्यांचीं पानें चाळलीं म्हणजे तेच आठ-दहा कपडे फिरफिरून बाहेर जातात हें दिसतें. दुसरा साक्षीदार कपाटांतलाच. आज सगळे कपडे कप्प्याच्या डाव्या बाजूस ठेवा आणि वापरून धुतलेला प्रत्येक कपडा उजव्या बाजूस ठेवीत जा. दोन महिन्यांनीं डावीकडे जें उरेल, तें तुमचें अधिक. अर्थात् लोकरीचे कपडे, रेनकोट, समारंभाचीं वस्त्रें यांना हा नियम लावतांना वर्षभर थांबलें पाहिजे.

हें अधिक कोठून येतें, तेंहि पाहण्याजोगें आहे. माझ्या पाहण्यांत त्याच्या चार वाटा आहेत. पहिली वाट पुनरुक्तीची. एक निळा रंग आपल्याला शोभतो असें कोणी म्हटलें कीं पुढें दहा वर्षें आपण निळेंच घेत राहतों. दुसरी आशेची. कंबर पुन्हा पूर्वींसारखी होईल, या आशेवर एखादी विजार वर्षानुवर्षें घडी घालून वाट पाहत असते. तिसरी किंमतीची. "एवढे पैसे दिले, आतां टाकूं कशी?" परंतु पैसे तर दुकानांतच गेले; न घालतां ठेवल्यानें ते परत येत नाहींत. चौथी वाट खास आपली, म्हणजे आहेराची. खण, सदऱ्याचें कापड, आपण कधींहि निवडली नसती अशी साडी. मान म्हणून आलेल्या या वस्तु एका घरांतून दुसऱ्या घरांत फिरत राहतात आणि वाटेंत प्रत्येक कपाटांत वर्ष-दोन वर्षें मुक्काम करतात. ज्यांच्याशीं मोकळें बोलतां येतें अशा नातलगांनीं आपसांत "आहेर नको" असें ठरविणें, हाच यावर खरा उपाय.

उण्याविषयीं मात्र एक गंमत आहे. तें बहुधा लहानसें असतें. साडी असते, पण तिच्यावरचें पोलकें घट्ट झालेलें. विजार असते, पण पट्टा तुटलेला. सगळें असतें, पण परकर जुळत नाहीं. पोलकें नसलेली साडी हिशेबांत साडी म्हणून धरूं नये. ती कापडाचा तुकडा आहे. माझ्या त्रेचाळीसांत अशा अकरा निघाल्या. त्यांतील सहांचें काम एका काळ्या आणि एका बदामी रंगाच्या नव्या पोलक्यानें झालें. म्हणजे दोन पोलकीं शिवून मला सहा साड्या मिळाल्या. कपाट सुधारण्यास दुकानापेक्षां शिंप्याकडे आधीं जावें, असें मी म्हणतें तें यामुळेंच.

कपड्यांचा असा हिशेब एके काळीं एका सबंध देशाला करावा लागला होता. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें १ जून १९४१ रोजीं कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें. पहिल्या वर्षासाठीं प्रत्येक प्रौढ माणसाला ६६ कुपनें मिळालीं. स्त्रियांच्या लोकरी झग्याला ११ कुपनें लागत, त्यांच्या जोड्याला ५ आणि पुरुषांच्या जोड्याला ७. पुढें कुपनांची संख्या कमी होत गेली, आणि हें रेशनिंग उठलें तें १९४९ च्या मार्चमध्यें. आपल्याकडेहि १९४३ सालीं सरकारनें सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण घालणारा हुकूम काढला होता. तो काळ टंचाईचा होता आणि तो पुन्हा यावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यांतील एक प्रश्न मला मोलाचा वाटतो. ११ कुपनें खर्च करण्यापूर्वीं त्या बाईला विचारावें लागे, कीं माझ्याजवळ काय आहे आणि काय नाहीं. आज बोटाच्या एका स्पर्शानें कपडा घरपोंच येतो. तो प्रश्न विचारण्यास मध्यें क्षणाचीहि उसंत उरत नाहीं. ती उसंत आपणच निर्माण केली पाहिजे. उण्याची यादी जवळ बाळगावी. यादींत नसलेली वस्तु आवडली तर पंधरा दिवस थांबावें. तोंपर्यंत ती आठवली तर विचार करावा. विसरली तर प्रश्नच मिटला.

किंमतीचा विचारहि वापरानें करावा. ३,००० रुपयांची साडी साठ वेळां नेसली तर प्रत्येक वेळचा खर्च ५० रुपये. सवलतींत मिळाली म्हणून घेतलेली ८०० रुपयांची साडी दोनदां नेसून ठेवून दिली, तर तो खर्च ४०० रुपये. स्वस्त कोणती, हें आतां सांगावयास नको.

अधिकाचें काय करावें? बोहारीण जुने कपडे घेऊन भांडें देई, तेव्हां हा प्रश्न दारांतच सुटत असे. कांहीं वस्त्यांत ती अजूनहि येते. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी होते, आणि तिची ऊब विकतच्या पांघरुणाला येत नाहीं. द्यावयाचे कपडे धुऊन, बटणें लावून द्यावेत. जें आपण स्वतः फाटकें म्हणून घालणार नाहीं, तें पूरग्रस्तांच्या गांठोड्यांत भरणें याला दान म्हणत नाहींत. अशा कापडाचीं फडकीं करावींत.

शेवटीं एक अपवाद सांगतें. हिशेब करतांना माझ्या हातीं आईची एक जांभळी साडी आली. ती मीं गेल्या कित्येक वर्षांत नेसलेली नाहीं आणि पुढें नेसेन असें नाहीं. वरच्या सगळ्या नियमांनीं ती अधिकांत जाते. मीं ती ठेविली. प्रत्येक घरांत असें एखादें वस्त्र असतें आणि असावें. फक्त त्याला कपाटांतला कपडा म्हणूं नये, म्हणजे हिशेब बिघडत नाहीं. अशीं वस्त्रें प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नयेत. धुतलेल्या मऊ सुती कापडांत गुंडाळावींत. खळ घालून ठेवूं नयेत, कारण खळीला कसर लागते. डांबराच्या गोळ्या कापडाला आणि जरीला लागूं देऊं नयेत. तीन-चार महिन्यांनीं घडी मोडून निराळ्या जागीं घालावी, नाहींतर रेशीम घडीवर चिरतें.

आतां माझ्या कपाटांत चोवीस साड्या आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडीं दोन साध्या, फिकट, लवकर वाळणाऱ्या साड्या त्यांच्या पोलक्यांसह वरच्या कप्प्यांत वेगळ्या ठेविलेल्या असतात. त्यांची गरज पडूं नये, अशीच इच्छा असते. परंतु एखाद्या सकाळीं कोणाच्या दुःखांत जाऊन बसावयाचें असलें, तर निदान कपाटापुढें वेळ जाणार नाहीं.