परमवीरांची उरलेली वर्षं

मेजर रामा राघोबा राणे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. ते ७६ वर्षांचे होते. परमवीरचक्राचे मानकरी म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते ती एप्रिल १९४८ मधल्या चार दिवसांवरून. त्यानंतर ते ४६ वर्षं जगले, त्यांतली वीस वर्षं त्यांनी लष्करातच काढली. या वर्षांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. पण वृद्धापकाळी गेलेल्या सैनिकाचं आयुष्य एका लढाईपुरतं सांगितलं, तर ती लढाईही आपल्याला नीट कळत नाही.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलिसाचे चिरंजीव. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. सुरुंग काढणं, रस्ते आणि पूल बांधणं, माघार घेताना तेच उडवून देणं, ही सॅपरची कामं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर बुथिडाँगहून सैन्य मागे आलं, तेव्हा मागे राहून दारूगोळ्याचे साठे नष्ट करायची जबाबदारी त्यांच्यावर होती. न्यायला येणारी बोट आली नाही. जपानी गस्त चुकवून त्यांनी माणसांना नदीपार आणलं. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि चारच महिन्यांत काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्त्यावर उभे होते. सुरुंग आणि तोडून आडवी टाकलेली झाडं यांनी तो रस्ता बंद केला होता. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार झाले, तेही जखमी झाले. तरी रणगाड्याच्या आडोशाने सरपटत, चालकाला दोरीने इशारे देत त्यांनी सुरुंग काढले. त्या वाटेने रणगाडे राजौरीला पोचले.

कुणी म्हणेल, पदक मिळालं ते या चार दिवसांसाठी. नोकरी, संसार, निवृत्ती तर सगळ्यांचीच असते. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ८ ते ११ एप्रिलचं काम क्षणिक आवेशाचं नव्हतं, हातात मुरलेल्या सवयीचं होतं. त्यामागे आठ वर्षांची शिपाईगिरी होती. सवयीतून आलेलं धैर्य लढाई संपल्यावर गळून पडत नाही, म्हणून त्याचा माग पुढच्या आयुष्यातही घ्यायला हवा. १९५५ मध्ये लग्न करून संसार थाटणारा आणि १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त होणारा माणूस तोच होता. दुसरा आक्षेप असा, की घर ही खासगी बाब आहे. खरं आहे, पण इथे चौकशी घरगुती भानगडींची नाही. युद्ध पाहिलेला माणूस साध्या दिवसांत कसा रमला, जखमांचं आणि आठवणींचं त्याने काय केलं, हे समाजाला कळायला हवं. सैन्यात पोरं पाठवणाऱ्या गावांना तर नक्कीच.

राणे यांचा पुतळा कारवारला आहे, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव दिलं गेलं. हा मान योग्यच आहे, पण पुतळा पराक्रमापुरतंच सांगतो. १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढलेले जवान आज सत्तरी-ऐंशी ओलांडून आपल्या गावांत, सोसायट्यांत राहताहेत. स्वातंत्र्यदिनी त्यांना शाल-नारळ द्याच. पण त्याआधी त्यांच्यापाशी बसा, नोकरीचं, घरचं, निवृत्तीनंतरचं सगळं विचारा आणि लिहून ठेवा.