भाडेकरूंसह घेतलेले घर

भाडेकरू राहत असलेले घर विकले म्हणून भाडेकरार तुटत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो. विक्रीखतात तसे लिहून घेतले नसेल, तर मागची थकबाकी मात्र जुन्या मालकाचीच. भंडाऱ्यासह विदर्भात पूर्वी १९४९ च्या आदेशानुसार घर रिकामे करण्याच्या नोटिशीआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला आणि दावे थेट दिवाणी न्यायालयात गेले. थकबाकीच्या लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याज आणि खर्चासह भाडे भरणारा भाडेकरू घरात टिकतो. किरकोळ भाड्यावर जगणाऱ्या मालकाला हे जड जाते. स्वतःच्या गरजेसाठी घर मागितल्यास न्यायालय दोघांची अडचण तोलते. पाणी किंवा वीज तोडून घर रिकामे करवणे हा गुन्हा आहे.