कोटेशनच्या खालच्या ओळी

लेखमाला : घामाचा पैसा (लेखांक ९)

गेल्या आठवड्यात कर्जाचा अर्ज वाचला. आज ज्या गाडीसाठी ते कर्ज काढायचं, तिच्या भावाकडे वळू.

नेर तालुक्यात बहुतेक घरांत मोठा पैसा वर्षातून एकदाच येतो. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला-दुसरा वेचा विकला, की वटफळी असो, माणिकवाडा असो वा मोझर, घरात गाडीचा विषय निघतोच. बाजार समितीत माल नेला की भाव समोरचा ठरवतो. ओलावा एवढा, माती एवढी, म्हणून एवढे कापले. आपण ऐकून घेतो. शोरूममध्ये उलट असतं. पैसा आपल्या खिशात आणि माल त्यांच्या दारात उभा. वर्षातून एकदा मिळणारी ही बाजू आपण वाया घालवतो, कारण भांडतो ते नेमकं जिथे काही सुटत नाही त्या आकड्यावर.

“भाऊ, शेवटचं सांगा, किती सोडता?”

“काका, गाडीत आमाले काहीच उरत नाही. कंपनीचा रेट आहे न! सीट कव्हर टाकून देतो, घ्या.”

हा पोरगा पूर्ण खोटं बोलत नाही. दुचाकीची एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि तीत डीलरला फार जागा नसते. तालुक्याच्या गावातलं दुकान तर बहुधा सब-डीलरचं; त्याला मिळतं ते मेन डीलरच्या वाट्यातलं. पण एक्स-शोरूमच्या खाली आणखी सात-आठ ओळी असतात आणि खरी कमाई तिथे होते. म्हणून पहिलं काम एकच : तोंडी भाव ऐकायचा नाही, छापील कोटेशन मागायचं. ‘सगळं धरून एक लाख तीन’ असं सांगितलं, की विचारायचं, सगळं म्हणजे काय काय?

एक कोटेशन समोर ठेवू. समजा, सव्वाशे सीसीची मोटारसायकल आहे, एक्स-शोरूम ८०,००० रुपये. पहिली ओळ रस्ता कराची. महाराष्ट्रात ९९ सीसीच्या वर २९९ सीसीपर्यंतच्या दुचाकीला ११ टक्के, म्हणजे ८,८०० रुपये. ते सरकारात जातात, त्यावर घासाघीस नाही. नोंदणी शुल्क ३००, गाडी कर्जावर असेल तर बोजा चढवण्याचे ५००, स्मार्ट कार्डाचे २००. इथवर हजाराच्या आत-बाहेर. कोटेशनात ‘आरटीओ’ या एकाच ओळीत तेरा-चौदा हजार लिहिलेले दिसले, तर वरचे तीन-चार हजार कशाचे ते विचारायचं. आरटीओच्या पावतीची प्रत द्याल ना, एवढं म्हटलं तरी ही ओळ बऱ्याचदा आपोआप आखडते.

मग विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, चारचाकीला तीन वर्षांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून हे लागू झालं. थर्ड पार्टीचा दर कंपनीगणिक बदलत नाही. २०२२ साली ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीचे पाच वर्षांचे ३,८५१ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ४,५४४. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचा हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो एका वर्षापुरताच घेतला तरी चालतो. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात नाही. बाहेरून दोन कंपन्यांचे आकडे मोबाईलवर काढून न्या. दाखवले की शोरूमचा आकडा खाली येतो असा अनेकांचा अनुभव आहे. फक्त एक पाहायचं : आकडा खाली आणताना गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, कापलेली नाही ना. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ८०,००० च्या गाडीला ६५,००० लिहून हप्ता स्वस्त दाखवला, तर गाडी चोरीला गेल्यावर त्या स्वस्ताईचे पैसे आपणच भरतो.

यानंतरच्या ओळी खऱ्या पाहण्यासारख्या असतात. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक, फाईल चार्ज, नंबर प्लेट, टेफ्लॉन कोटिंग, रोड साइड असिस्टन्स, ‘एसेन्शियल किट’. हँडलिंग चार्जला कायद्याचा काहीएक आधार नाही. गाडी शोरूमपर्यंत आणून ती विकायला उभी करणं हा डीलरचाच धंदा आहे, त्याचे वेगळे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? नंबर प्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनेच द्यायची आहे आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला आहे. गावोगाव प्लेटा बसवायची जी धावपळ झाली, ती त्याआधीच्या जुन्या गाड्यांची होती. नव्या गाडीला प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील, तर ती ओळ सरळ खोडायला सांगा. हेल्मेटचं बहुतेकांना माहीतच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम सांगतो की दुचाकी घेताना आयएसआय दर्जाचं हेल्मेट उत्पादकाने द्यायचं आहे. आपल्याकडे ते ‘भेट’ म्हणून हातात ठेवतात आणि त्याबदल्यात भावातून पाचशे सोडल्याचं सांगतात!

आता बेरीज करा. ८०,००० अधिक कर आणि शुल्क दहा हजारांच्या आसपास, अधिक विमा सहा-सात हजार. गाडी ९७,००० च्या आत रस्त्यावर यायला हवी. कोटेशन १,०३,५०० चं असेल, तर भांडायची जागा ते साडेसहा हजार आहेत, ८०,००० नव्हेत. काही सोडणार नाही म्हणणारा पोरगा इथे मॅनेजरला विचारून येतो.

सध्या आणखी एक गोष्ट चालते. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर आले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि छोट्या चारचाकी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. करापूर्वीची किंमत सात लाख असलेला ट्रॅक्टर यामुळे ४९,००० रुपयांनी उतरला. हे पैसे सरकारने सोडलेले आहेत. ‘तुमाले पन्नास हजार कमी लावले’ असं कोणी म्हटलं, तर त्याने स्वतःच्या गल्ल्यातून काय सोडलं हा प्रश्न तसाच उरतो.

कर्जाचं मागच्या वेळी झालं आहे, तरी एक हिशेब इथे पुन्हा मांडतो, कारण भावात सोडलेले हजार-दोन हजार तिथून वसूल होतात. ६०,००० रुपये, तीन वर्षं, ‘फक्त १० टक्के’. हे १० टक्के फ्लॅट असतात. व्याज झालं १८,०००, हप्ता २,१६७. दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज पूर्ण साठ हजारांवर लावलेलं असल्याने बँकेच्या घटत्या पद्धतीने हा दर जवळपास १८ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक केलं आहे आणि त्यात खरा वार्षिक दर लिहावाच लागतो. ते पत्रक मागा. कर्ज जुळवून दिलं की शोरूमला कमिशन मिळतं. म्हणून ‘कर्ज काढणार की रोख’ हा प्रश्न तिथे पहिल्या पाच मिनिटांत येतो. त्याचं उत्तर भाव ठरेपर्यंत देऊ नका. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तेही नंतर. नव्यात सोडायचं आणि जुन्यात कापायचं, हा या धंद्यातला जुना खेळ आहे.

ट्रॅक्टरचा बाजार वेगळा. इथे भावाचा बोर्ड क्वचितच लागतो आणि एकाच मॉडेलचे दोन गिऱ्हाइकांना दोन भाव असतात. हूक, टॉपलिंक, बंपर, छत, वजनं आणि पहिल्या सर्व्हिसिंगा भावात आहेत की नाहीत, हे कागदावर हवं. रोटाव्हेटर सोबत घ्यायचा असेल तर त्याचा भाव स्वतंत्र लिहून घ्या, नाहीतर ट्रॅक्टरमध्ये सोडलेलं रोटाव्हेटरमध्ये बसतं. महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज असेल, तर पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदी करू नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आणि अनुदानाचं गिऱ्हाईक आहे असं कळलं की भाव ताठ होतो, तेव्हा ती गोष्टही आधी बोलायची नाही. कापसाचा पैसा रोख असला तरी एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. रक्कम डीलरच्या फर्मच्या खात्यावर टाका, विक्रेत्या पोराच्या फोन-पे नंबरवर नाही.

मुहूर्ताच्या दिवशी भाव होत नसतो. दसऱ्याला शोरूमसमोर हार-नारळ घेऊन रांग लागलेली असताना कोण कशाला सोडेल? नवरात्राआधीचा पंधरवडा मात्र आपला असतो. पितृपक्षात गाडी घेणारा शोधूनही सापडत नाही, शोरूममध्ये माशा मारतात. भाव तेव्हा ठरवा, कोटेशनावर सही-शिक्का घ्या, बुकिंगची पावती घ्या आणि डिलिव्हरी दसऱ्याची ठेवा. मध्ये कंपनीने भाव वाढवला तर काय, हे पावतीवर लिहून घ्यायला विसरू नका. दुसरी वेळ डिसेंबरअखेरची. साल बदललं की उभ्या गाडीचं वय वाढतं, म्हणून डीलरला ती काढायची असते. आपल्यालाही ती विकताना तेच जुनं साल मोजलं जाणार, तेव्हा सूट त्या मानाने घसघशीत हवी. जानेवारीत ‘नवी’ म्हणून दाखवलेली गाडी कधीची आहे, हे चासी नंबरावरून कळतं. त्यातलं दहावं अक्षर सहसा साल सांगतं : २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, महिना आणि साल छापलेलंच असतं.

कोटेशन किती ठिकाणांहून आणावं? यवतमाळ इथून तीसएक किलोमीटर, अमरावती त्याच्या साधारण दुप्पट. दोन्हीकडचं एकेक पुरे. अमरावतीला घेतली तर तिथला एमएच-२७ नंबर पडेल ही भीती नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात अर्ज करता येतो, आपला एमएच-२९ घेता येतो. मात्र दोन्ही कागद हातात घेऊन आधी नेरमधल्या दुकानात जा. पाचशे-हजाराचा फरक उरला तर गाडी गावातच घ्यावी असं माझं मत. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे मत अधिकच पक्कं आहे. ऐन पेरणीत हायड्रॉलिक बसल्यावर वावरात येणारा मिस्त्री पाच हजारांच्या सुटीपेक्षा महाग असतो.

एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून जाणं कधीही चांगलं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे जणांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. किमतीत सूट मिळालीच, शिवाय स्टेट बँकेने चाळीस कोटींहून अधिक कर्ज ७ टक्के व्याजाने दिलं. २०२५ मध्ये जैन समाजाच्या जितो या संस्थेने देशभरातल्या सभासदांसाठी १८६ महागड्या गाड्यांचा असाच एकत्र सौदा केला आणि सुमारे २१ कोटी वाचल्याचं सांगितलं. श्रीमंतांना हे सुचतं आणि आपल्याला सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. एका गावात दिवाळीच्या महिन्यात चार मोटारसायकली आणि एखादा ट्रॅक्टर येतोच. चौघं चार वेळा जातात आणि चार वेगळे भाव देऊन येतात. महिनाअखेरीला, टार्गेट पुरं करायच्या धावपळीत असलेल्या डीलरसमोर चार गाड्यांचं गिऱ्हाईक एकदम उभं राहिलं, तर हँडलिंग चार्जचं नावही निघणार नाही.

कोटेशनात न सांगितलेली रक्कम बिलात दिसली, तर तिथेच थांबा आणि कागदावर उत्तर मागा. मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार मराठीत नोंदवता येते. यंदा गाडी घेणार असाल तर कोटेशन घरी आणा, पोराला मोबाईलवर एकेक ओळ तपासायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. ‘ऑफर आजच्यापुरती आहे’ असं जिथे सांगतात, तिथे तर नक्कीच दुसऱ्या दिवशी जा.

(पुढच्या आठवड्यात : जुनी गाडी विकली, पण आरटीओत नाव तुमचंच राहिलं तर)