चिंपांझींच्या घरी पाहुणे जाताना



आज आपण जरा लांबच्या रानात जाणार आहोत, आफ्रिकेतल्या युगांडा देशात. आपल्याकडची मुलं नोकरीधंद्यासाठी पूर्व आफ्रिकेत जातात आणि कधी आईवडिलांनाही बोलावून घेतात. 2023 साली मुंबईहून युगांडातल्या एन्टेबेला थेट विमानही सुरू झालं. तिथं जाऊन रानातले चिंपांझी पाहायचे असतील तर तयारी काय करायची, ते आज सांगते. जायचा योग आला नाही तरी ऐका. यातली मुख्य गोष्ट आपल्या घरच्या शहाणपणाचीच आहे.

चिंपांझीला शेपूट नसतं. तो माकडापेक्षा माणसाला जवळचा. टांझानियातल्या गोंबे इथं 1960 साली जेन गुडाल या संशोधक बाईंनी पाहिलं, की चिंपांझी काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढून खातो. हत्यार वापरणं फक्त माणसालाच जमतं, हा समज तेव्हा मोडला. चिंपांझीची आई पिल्लाला चार-पाच वर्षं अंगावर पाजते. दोन बाळंतपणांत साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. म्हणजे कळपातला एक जीव गेला, तर ती जागा भरून यायला किती काळ लागेल, पाहा.

इतकं जवळचं नातं असल्यामुळेच आपले आजार त्यांना होतात. गोंबेत 1966 साली पोलिओची साथ आली. आधी ती आसपासच्या माणसांत होती, मग चिंपांझींत पसरली. काही दगावले, काहींचे हातपाय लुळे पडले. तेव्हा केळ्यात घालून त्यांना पोलिओचा डोस दिला गेला. पुढे 2013 साली युगांडातल्या किबाले जंगलात एका कळपात खोकल्याची साथ आली. 56 पैकी 5 चिंपांझी मेले. त्यात दोन वर्षांचं एक पिल्लू होतं. तपासणीत सापडला तो माणसांना साधी सर्दी करणारा विषाणू. आपल्या पोराला दोन दिवस नाक गळायला लावणारा आजार तिथं जीव घेऊन गेला.

म्हणून या प्रवासाची तयारी दोन बाजूंनी करायची. एक आपल्यासाठी आणि दुसरी त्यांच्यासाठी.

आधी आपली. चिंपांझी पाहायला किबाले राष्ट्रीय उद्यान प्रसिद्ध आहे. ते पश्चिम युगांडात, फोर्ट पोर्टल गावाजवळ आहे. एन्टेबेहून गाडीनं जवळजवळ अख्खा दिवस जातो. जंगलात जायला परवाना लागतो. परदेशी माणसाला त्याचे सुमारे 250 डॉलर पडतात. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून काही महिने आधी परवाना घ्यावा आणि मगच विमानाचं तिकीट काढावं. पाऊस मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर जास्त असतो. जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारीत वाटा बऱ्या असतात.

पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते. ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही. सरकारनं मान्यता दिलेली ठरावीक केंद्रं असतात, मुंबई-पुण्यात ती आहेत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. साठीच्या पुढच्या बायांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसंच अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तिकडे हिवताप फार, त्याच्या गोळ्याही विचारून घ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, चिखलात न घसरणारे बूट आणि रेनकोट लागतो. मोजे विजारीवर ओढून घ्यायचे, नाहीतर मुंग्या आत शिरतात.

आता त्यांच्यासाठीची तयारी. वाटाड्या सोबत असतो. चिंपांझी कधी अर्ध्या तासात दिसतात, कधी तीन-चार तास चालावं लागतं. दिसल्यावर एकच तास थांबता येतं. तोंडाला मास्क लावायचा. अंतर किमान आठ ते दहा मीटर ठेवायचं. नऊवारी लुगडं जमिनीवर पसरलं तर जेवढं लांब जाईल तेवढं, किंवा त्याहून थोडं जास्त. त्यांच्याजवळ खायचं नाही, थुंकायचं नाही, केळ्याची साल टाकायची नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद. शौचाला जावंच लागलं तर वाटाड्याला सांगून खोल खड्डा करायचा आणि नीट बुजवायचा.

आणि सगळ्यात अवघड नियम: सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांतलं काहीही असेल तर जायचं नाही. पैसे भरलेत, इतक्या लांब आलोय, गोळी घेऊन जाते, असं मनात येणारच. पण घरात बाळंतीण असली, की खोकणाऱ्या पाहुण्याला आपण ओट्यावरच बसवतो. पाहुणा दुरून आला म्हणून बाळाजवळ नेत नाही. हा नियमही तसाच.

जाताना तिथल्या गावांचाही विचार करा. किबालेच्या कडेच्या शेतांत हत्ती आणि माकडं पिकात घुसतात. रानडुकरांनी उकरलेला भुईमूग ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दुःख सांगायला नको. उद्यानाच्या प्रवेश शुल्काचा 20 टक्के वाटा कायद्यानं आसपासच्या गावांना द्यायचा असतो. जवळच्या बिगोडी गावानं तर 1992 पासून आपली पाणथळ जागा स्वतः राखली आहे. गावातलेच वाटाडे पाहुण्यांना ती दाखवतात आणि त्या पैशातून गावानं शाळा उभी केली. तिथल्या बायका टोपल्या आणि चटया विणून विकतात. गेलात तर अर्धा दिवस बिगोडीसाठी ठेवा आणि टोपली त्या बायकांच्या हातूनच घ्या. जंगल राहिलं तर चार पैसे येतात, हे गावाला दिसलं, तरच गाव जंगल टिकवतं.

तुमच्या गटातल्या कुणाची मुलं तिकडे असतील, तर हे त्यांना फोनवर जरूर सांगा. दाखल्याचे दहा दिवस आणि मास्क, या दोन गोष्टी तरी नक्की. बरं, येते. नमस्कार!