जुनी गाडी, ६० हजारांचं बजेट आणि ऑटोक्रॉस: पैसा आधी कुठे घालायचा?



मागच्या व्हिडिओत मी माझ्या जुन्या एस्टीमचा उल्लेख केला आणि विषय तिथेच सोडला. आज पूर्ण सांगतो. गाडीची तयारी कशी करायची हे तर सांगतोच, पण तुम्ही धंदा सुरू करायच्या विचारात असाल तर हा लेख तुमच्यासाठीही आहे. कारण कमी भांडवलात पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा, हे मला बीबीएच्या पुस्तकाने नाही, या गाडीने शिकवलं.

आधी ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोकळ्या मैदानात वळणावळणाचा छोटा ट्रॅक आखलेला असतो. एका वेळी एकच गाडी सोडतात. तुमची शर्यत शेजारच्या गाडीशी नाही, घड्याळाशी असते. वेग फार नसतो, बराचसा ट्रॅक दुसऱ्या गिअरमध्येच निघतो. म्हणून मोटरस्पोर्टमध्ये शिरायचा हा सगळ्यात स्वस्त दरवाजा आहे.

अमेरिकेत हा खेळ मोठ्या पार्किंगमध्ये डांबरावर रबरी कोन लावून खेळतात. तिथली एससीसीए ही संस्था त्याला 'सोलो' म्हणते. एक कोन पाडला की तुमच्या वेळेत २ सेकंद वाढतात. तिथली पोरं १९८९ मध्ये आलेली दोन सीटची माझदा मियाटा जुनी घेतात आणि तयार करतात. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेक मातीवर होतो, आणि जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला आपला खिसा पुरत नाही. म्हणून आपली 'स्पोर्ट्स कार' म्हणजे जुनी एस्टीम, झेन, जिप्सी, नाहीतर पहिली होंडा सिटी.

मी एस्टीम घेतली. १२९८ सीसीचं इंजिन, नंतरच्या मॉडेलला ८५ बीएचपी, आणि वजन नऊशे किलोच्या आत. हलकी गाडी लवकर वळते, लवकर थांबते. दुसरं कारण धंद्याचं. माझं सिन्नरला ऑटो स्पेअरचं दुकान आहे, आणि एस्टीमचे पार्ट अजून मिळतात. जुनी गाडी घेताना आधी स्पेअर कुठे मिळतं ते बघा, मग गाडी बघा. मशीन घेतानाही हाच नियम.

माझी चूक, आकड्यांसकट

तीन वर्षांपूर्वी ७० हजारांना गाडी घेतली. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुकानात दिवाळीचा माल भरायला ५५ हजार बाजूला ठेवले होते. वायपर, बॅटरी, सीट कव्हर, ऑइल, हा सगळा सणाचा माल. मी स्वतःलाच सांगितलं, "स्पर्धा झाली की महिन्याभरात पैसे परत टाकू."

आणि खर्च असा केला:

- मोठ्या आवाजाचा सायलेन्सर: १४,०००
- १५ इंची अलॉय व्हील: २४,०००
- ओपन एअर फिल्टर: ४,५००
- बकेट सीट: ९,५००
- स्टिकर: ३,०००

झाले ५५ हजार. गाडी दिसायला एक नंबर! फोटोला भरपूर लाइक.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी स्क्रूटिनी असते. म्हणजे गाडी सुरक्षित आहे का याची तपासणी. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली हलवलं. टक्-टक् आवाज. लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला. बॉनेट उघडलं तर बॅटरी क्लॅम्पऐवजी सुतळीने बांधलेली. गाडी नापास. एकही रन न करता मी घरी आलो.

ऐका आता. तो लोअर आर्म माझ्याच दुकानाच्या रॅकवर पडून होता. हजाराच्या आतली वस्तू. बॅटरीचा क्लॅम्पसुद्धा होता. आणि दिवाळीत गिऱ्हाईक आलं की मी म्हणत होतो, "उद्या येतो माल." उद्या माल आला नाही, गिऱ्हाईक मात्र समोरच्या दुकानात गेलं. लक्ष्मीपूजनाला हिने हिशोबाची वही पुढे ठेवली. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग क्रम बदलला

आमच्या दुकानात माल न्यायला येणारे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "शेठ, पळवायची नंतर. आधी ती नीट उभी राहते का बघा."

तेव्हा ठरवलं, दुकानाच्या पैशाला हात लावायचा नाही. अलॉय, सीट आणि फिल्टर विकून २० हजार सुटले. घरखर्चातून वाचवून दर महिन्याला ५ हजार वेगळ्या खात्यात टाकले. आठ महिन्यांत ४० झाले. एकूण ६० हजार. आणि खर्चाचे चार टप्पे पाडले.

टप्पा १: जे तुम्हाला गेटवरच अडवतं

यात गाडीचा वेग एक टक्काही वाढत नाही. पण हे नसेल तर तुम्ही आतच जात नाही.

लोअर आर्म, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग: यांत जराही प्ले नको. इंजिन माउंटिंग फाटलेलं नको. ऑइलची, कूलंटची गळती नको. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर लगेच परत आला पाहिजे. बॅटरी पक्की हवी. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नसेल तर बदलून टाका, तो तुटला तर दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट.

ब्रेक ऑइलकडे सगळे दुर्लक्ष करतात. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. एका मिनिटाच्या रनमध्ये सहसा ही वेळ येत नाही. पण मैदानावर जाताना-येताना घाट उतरायचा असतो, हे विसरू नका. जुनं ऑइल काढून नवं भरायला काही शेकड्यांत काम होतं.

कागदही याच टप्प्यात. पेट्रोल गाडीला १५ वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण झालंय का बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. तुमच्या नेहमीच्या मोटर इन्शुरन्समध्ये रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे मैदानात झालेलं नुकसान तुमच्याच खिशातून. आणि एफएमएससीआयची मान्यता असलेल्या स्पर्धेला त्यांचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. स्पर्धेचं नियमपत्रक आधी मागवा आणि वाचा. मी आधी सायलेन्सर घेतला होता, पत्रक नंतर वाचलं.

टप्पा २: जे जमिनीला टेकतं

गाडी पळते, वळते, थांबते ती चार टायरच्या तळहाताएवढ्या जागेवर. इंजिनने कितीही ताकद काढली तरी ती टायरमधूनच जमिनीला लागणार. म्हणून टायर आधी, इंजिन नंतर.

मी कंपनीच्या १३ इंची लोखंडी रिमवर परत आलो. मातीत दगड लागतो. पातळ टायरचं मोठं अलॉय तिथे वाकतं, लोखंडी रिम स्वस्तात सरळ होते. टायरची उंची जास्त असली की खड्ड्याचा मार टायर खातो.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर चारही नवे टाकले, पण साधेच, कंपनीच्या मापाचे. मातीवर गाडी खाली बसवू नका. चाकाला वर-खाली व्हायला जागा उरली नाही तर ते जमीन सोडतं. खाली संप गार्ड लावा, ऑइल संप फुटला की खेळ खलास. शेवटी व्हील अलाइनमेंट.

टप्पा ३: चालवणारा

चांगलं हेल्मेट घ्या, यात काटकसर नाही. डिकीतली स्टेपनी, जॅक, मॅट, बाटल्या सगळं बाहेर काढा. सैल वस्तू स्क्रूटिनीत चालतच नाहीत, आणि वजन फुकटात कमी होतं.

ट्रॅक आधी पायी चाला. दोन वेळा चाला. कुठे ब्रेक, कुठे वळण, डोक्यात बसलं पाहिजे. एस्टीमला पुढच्या चाकांना ताकद जाते. वळणात जोरात शिरलात तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. उपाय: सरळ रेषेत असतानाच ब्रेक संपवायचा, हळू शिरायचं, गाडी वळल्यावर पाय दाबायचा.

टायरमधली हवा हे तुमचं फुकटचं हत्यार. गाडीवरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. एका वेळी २ पीएसआयचाच फरक करा आणि वेळेसकट वहीत लिहा. एका रनमध्ये एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फायदा कशामुळे झाला ते कळणार नाही. दुकानात भाव आणि मांडणी एकाच आठवड्यात बदलली की असंच होतं.

सराव मात्र रस्त्यावर कधीही नाही. आयोजकांच्या सरावाला जा.

टप्पा ४: इंजिनची ताकद आणि शोभा

उरले तर. माझे उरले नाहीत, आणि काही अडलं नाही. माझा तो ओपन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत होता, वर मैदानातली धूळ. त्यापेक्षा मूळ बॉक्समध्ये नवा फिल्टर बरा. एससीसीएच्या 'स्ट्रीट' गटाचे नियमही असेच आहेत: शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक पॅड अशा मोजक्या गोष्टी बदलायला मुभा, इंजिनचं आतलं काम मूळचंच. नियमच खर्चाला लगाम घालतो.

दुसऱ्या वेळचा हिशोब

- लोअर आर्म, टाय रॉड एंड, बेअरिंग: ६,२००
- ब्रेक पॅड, शू, ब्रेक ऑइल: ३,३००
- सर्व्हिसिंग, टायमिंग बेल्ट, होज: ६,०००
- इंजिन माउंटिंग: १,८००
- बॅटरी क्लॅम्प वगैरे: ४००
- चार शॉक अ‍ॅब्सॉर्बर: ९,०००
- चार टायर: १४,०००
- संप गार्ड: २,८००
- मजुरी: ५,०००
- अलाइनमेंट: ६००
- हेल्मेट: ४,५००
- सराव आणि एन्ट्रीसाठी राखीव: ६,४००

एकूण ६०,०००. पार्ट मला दुकानाच्या खरेदी भावात पडले, तुम्हाला थोडे जास्त धरावे लागतील. गाडीची किंमत यात नाही.

निकाल? ट्रॉफी नाही. गटात अकरा गाड्या, मी सातवा. पण स्क्रूटिनी पहिल्या फटक्यात पास, आणि चारही रन पूर्ण. पहिला रन १ मिनिट ५२ सेकंद, चौथा १ मिनिट ४४. मधले ८ सेकंद एकही रुपया न घालता आले, फक्त कमी घाई केली म्हणून.

त्यानंतर जुन्या गाड्यांवाली काही पोरं दुकानात यायला लागली. त्यांना मी चमकदार काही विकत नाही. आधी टप्पा एकची यादी देतो, चाचांकडे पाठवतो. कमाई मोठी नाही, पण ती पोरं नंतर घरच्या गाडीचं ऑइलही माझ्याकडूनच नेतात.

आता तुमचा गृहपाठ

गाडी असो वा दुकान, वहीत चार रकाने आखा. मला गेटवर काय अडवेल? लायसन्स, परवाना, थकलेली दुरुस्ती. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष काय टेकतं? माल, माप, वागणूक. माझं स्वतःचं काय कच्चं आहे? आणि शेवटी, शोभेचं काय आहे? आता तुमच्या खर्चाची प्रत्येक ओळ एकेका रकान्यात टाका. चौथा रकाना सगळ्यात जड निघाला, तर थांबा. आणि पैसा कोणत्या खात्यातून येतोय तेही शेजारी लिहा. सणाच्या मालाचा असेल तर तो तुमचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे.

या दिवाळीला माझ्या दुकानात माल वेळेवर भरला होता. एस्टीम मागे शेडमध्ये उभी आहे, धुळीने माखलेली. स्टिकर अजून लावलेले नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत.