जुन्या शिलकी प्राइमरची ओळख : मोहर्ली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार म्हणून आज सर्वपरिचित आहे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु बाहेरच्या जंगलपट्ट्यात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम येईपर्यंत परवान्यावर शिकार चालत असे. पिकांच्या राखणीसाठी बाळगलेली ठासणीची बंदूक, म्हणजेच भरमार, चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांना नवी नव्हती. बंदूक जमा झाली तरी तिच्या टोप्यांची डबी घरातील जुन्या पेटीत राहून जाऊ शकते. महाविद्यालयाने स्थानिक इतिहासाच्या वस्तूंचे संकलन हाती घेतले, की अशी डबी एखादा विद्यार्थी सहज वर्गात घेऊन येईल. ती ओळखण्याची साधने कोणती आणि ती कोठे अपुरी पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय विवेचन :

प्राइमर म्हणजे आघाताने पेट घेणारे, धातूच्या लहानशा वाटीत बसविलेले संवेदनशील मिश्रण. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघातप्रज्वलनाचे पेटंट घेतले आणि पुढील काही दशकांत तांब्याची टोपी प्रचारात आली. ठासणीच्या बंदुकीवर ही टोपी बाहेरून निपलवर बसते. काडतुसात ती पुंगळीच्या बुडाशी बसते आणि तेथे तिचे दोन प्रकार होतात. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते व ज्वाला आत जाण्यासाठी बहुधा दोन छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीतच असते व छिद्र मध्यभागी एकच असते. गंमत अशी, की बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज. परंतु अमेरिकेने बॉक्सर पद्धत स्वीकारली आणि ब्रिटिश.३०३ चे काडतूस मुख्यतः बर्डन पद्धतीवर चालले. रिकाम्या पुंगळीत डोकावले तरी हा भेद कळतो.

महाराष्ट्रात सापडणाऱ्या .३०३ च्या पुंगळ्यांवर ‘के एफ’ ही अक्षरे अनेकदा दिसतात. ती १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण होय. तिच्यासोबत वर्षाचे आकडे आणि ‘सात’ हा रोमन अंक असतो. हा अंक काडतुसाचा सातवा नमुना दर्शवितो. पुढे झेड असल्यास आतील दारू कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोज आहे, असे समजावे. टोपीभोवतीच्या लाखेच्या कड्याचा रंगही बोलका असतो : साध्या गोळीस जांभळा, चिलखतभेदीस हिरवा, प्रकाशरेखीस लाल.

मात्र ही सर्व माहिती पुंगळीवर असते, टोपीवर नसते. सुटी टोपी मुकी असते. तिचा आकार व घडण पाहून ती ठासणीच्या बंदुकीची, बर्डन की बॉक्सर एवढे सांगता येते. तिच्या पोटातील मिश्रण सांगता येत नाही. खरा प्रश्न तर मिश्रणाचाच आहे. जुन्या मिश्रणांत पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. पारा पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करतो. क्लोरेटपासून बार उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो. तो हवेतील ओलावा ओढून घेतो आणि पावसाळ्यात नळीला गंज चढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश सैन्यात नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत होती. पुढे लेड स्टिफ्नेटवर आधारित असंक्षारक मिश्रणे आली.

केवळ वर्ष पाहून मिश्रण ठरविणेही फसवे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या .३० कार्बाइनच्या काडतुसात असंक्षारक टोपी होती, तर त्याच सैन्याच्या रायफलीच्या काडतुसात प्रामुख्याने संक्षारक. युद्धानंतर शिलकी टोप्या सुट्या विकल्या गेल्या, तेव्हा काडतुसे पुन्हा भरणाऱ्या तेथील हौशी मंडळींना आधार उरला तो वेष्टनावरील छापाचा. टोपी मूळ डबीतून निघून औषधाच्या बाटलीत गेली, की ओळख संपली.

जुनेपणाचा परिणामही बाहेरून जोखता येत नाही. पाऱ्याचे फल्मिनेट उष्णतेने हळूहळू विघटित होते, आणि चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो. अशी टोपी पेटत नाही किंवा उशिरा पेटते. बार उडालाच नाही असे समजून बंदूक खाली करणाऱ्यास हा विलंब जिवावर बेतू शकतो. हिरवट गंज चढलेली टोपी मेलेलीच असेल, असेही नाही. तेलात बुडविल्याने ती निकामी होते, हा समज विसंबण्याजोगा नाही. जुनी टोपी पुन्हा भरणीस वापरणे म्हणूनच तंत्रदृष्ट्या अयोग्य ठरते.

कायद्याची बाजूही आहेच. शस्त्र अधिनियम १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही समाविष्ट आहेत. तेव्हा भरलेली टोपी परवान्याविना संग्रहात ठेवता येत नाही. वस्तुसंग्रहासाठी बार उडालेली पुंगळी आणि तिच्या बुडाचे छायाचित्र अभ्यासास पुरेसे ठरते. सुट्या टोप्यांची डबी समोर आल्यास ती हलवू नये, टोप्या कागदावर ओतू नयेत, उन्हात ठेवू नयेत; डबी आहे तेथेच राहू देऊन पोलीस ठाण्यास कळवावे. डबीवरील अक्षरे मात्र त्यापूर्वी, हात न लावता, टिपून घ्यावीत.