अठ्ठावीस फेऱ्यांत अकरा खटके

पावसाळा ओसरून आश्विनातले ऊन पडू लागले तेव्हा चार महिने ओसरीच्या कोपऱ्यात उभी असलेली माझी जुनी, काळी, अठ्ठावीस इंची सायकल मी बाहेर काढली, आणि कल्याणच्या पारनाक्यावरून लाल चौकीपर्यंत जातो न जातो तोच तिने माझ्याविरुद्ध आपली फिर्याद गुदरली: टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. मराठी भाषेने यंत्रांच्या अशा तक्रारींसाठी शब्दांची ददात ठेवलेली नाही; कुरकुर, करकर, खरखर, खडखड, किरकिर, कटकट असा भरघोस साठा आपल्या दप्तरी आहे, आणि त्यांतले निम्मे शब्द आपण माणसांनाही तितक्याच सढळपणे लावतो. पण आवाजाला नाव देता आले म्हणजे त्याचे ठिकाण कळले असे मात्र होत नाही. माझ्या कानांनी छातीठोकपणे साक्ष दिली की हा आवाज मागच्या फ्रीव्हीलमधून येतो. त्या साक्षीवर विसंबून मी नवे फ्रीव्हील बसवून घेतले, आणि घरी परतताना तोच टक् पूर्ववत माझ्या सोबतीला होता.

कानाची ही साक्ष खोटी का ठरावी, याचे उत्तर श्रवणेंद्रियाच्या रचनेत आहे. ध्वनी उजवीकडून आला की नाही हे मनुष्य मुख्यतः एका अतिसूक्ष्म विलंबावरून ओळखतो, कारण तो ध्वनी उजव्या कानी आधी आणि डाव्या कानी किंचित उशिरा पोहोचतो. हा विलंब फार तर सेकंदाच्या पंधराशेव्या हिश्श्याएवढा असतो, तरी मेंदूला तो पुरतो. सायकलस्वाराच्या बाबतीत मात्र हे उत्कृष्ट साधन निरुपयोगी होते, कारण पायडल, चेन, फ्रीव्हील आणि सीट ही सारी संशयित मंडळी त्याच्या नाकाच्या सरळ रेषेत खाली बसलेली असून दोन्ही कानांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. त्यात भर अशी, की पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे 5,000 मीटर वेगाने धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा जवळजवळ पंधरापट. त्यामुळे एका टोकाला झालेला खटका निमिषार्धाच्याही आत सबंध सांगाड्यात पसरतो आणि पोकळ नळ्यांतून असा घुमतो, की गुन्हेगार मागे आणि आरोप पुढच्यावर, असा प्रकार नित्याचा होऊन बसतो.

काळ्या तलावाच्या बाजूला झाडाखाली पंप, पाण्याची घमेली आणि पान्यांची पेटी मांडून बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे, ज्याला सगळे चाचा म्हणतात, मी अखेर गेलो. सायकलीला हातही न लावता त्याने विचारले, "मास्तर, पायडलच्या दर फेरीला वाजतो, की मधल्या फेऱ्या सोडून?" मी निरुत्तर झालो. "मग तलावाला एक चक्कर मारा आणि मोजून या," असे सांगून तो पुन्हा आपल्या पंक्चरकडे वळला.

या एका प्रश्नात निदानाचे सारे शास्त्र आहे, आणि ते कानाचे नसून अंकगणिताचे आहे. सायकलीचा प्रत्येक फिरता भाग आपापल्या ठरलेल्या कालावधीने फिरतो, आणि त्याच्या अंगचा दोष त्याच कालावधीने ओरडतो. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 18 दाते आहेत. म्हणजे पायडलच्या 9 फेऱ्यांत मागचे चक्र बरोबर 22 वेळा फिरते. चेनला 112 कड्या आहेत, आणि पायडलच्या एका फेरीला त्यांतल्या फक्त 44 पुढे सरकतात. तेव्हा एखादी विवक्षित कडी पुन्हा त्याच जागी यायला अडीच फेऱ्यांहून थोडा अधिक अवधी लागतो. दोष पायडलमध्ये, क्रँकमध्ये किंवा त्याच्या अ‍ॅक्सलमध्ये असेल तर खटका दर फेरीला एकदा किंवा दोनदा पडेल. मागच्या चक्रात असेल तर दर फेरीला जवळजवळ अडीच वेळा. आणि चेनच्या एखाद्या कडीत असेल तर अडीच फेऱ्यांतून एकदा. तलावाभोवती मी मोजले ते असे: अठ्ठावीस फेऱ्यांत अकरा खटके. 28 ला 44 ने गुणून 112 ने भागले की नेमके 11 येतात. फ्रीव्हील निर्दोष सुटले. त्याच्या बदलीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

दुसऱ्याही काही युक्त्या आहेत, त्या थोडक्यात सांगतो. पाय थांबवून सायकल नुसती वाहू द्यावी. तरीही आवाज चालू राहिला तर चाक, आरे किंवा मडगार्ड यांची चौकशी करावी (फ्रीव्हीलच्या कुत्र्यांची, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या आतल्या खिट्ट्यांची, कटकट तेवढी वगळावी, ती त्यांची रीतसर नोकरी आहे). आवाज कोणत्या बाजूचा हे कळण्यासाठी एकाच पायाने पायडल मारून पाहावे. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या सायकलींत क्रँक ज्या तिरप्या कॉटर पिनेने आवळलेला असतो ती ढिली झाल्याचा संशय असल्यास, दोन्ही क्रँक आडवे धरून दोन्ही पायडलांवर उभे राहावे, मग अर्धी फेरी देऊन पुन्हा तसेच करावे. दोन्ही क्रँक एका रेषेत येत नसतील तर कसूर पिनेचीच.

आता त्या कडीकडे येऊ. आज आपण वापरतो ती रोलर चेन मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड याने 1880 साली सिद्ध केली, आणि सायकलींत तिच्या दोन पिनांमधले अंतर आज अर्ध्या इंचाचे असते. प्रत्येक कडी एका प्रदक्षिणेत चारदा वाकते वा सरळ होते, दोन्ही चक्रांवर चढताना आणि उतरताना. त्यांतही 18 दात्यांच्या लहान चक्रावर तिला 20 अंश वाकावे लागते, तर मोठ्यावर जेमतेम 8. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत स्वस्थ उभ्या असलेल्या चेनचे तेल सुकते, पिन गंजते, आणि एखादी कडी ताठर होते. अशी कडी पुढच्या चक्रावरून सुटून खालच्या सैल पदरात आली तरी वाकलेलीच राहते, आणि ते कुबड घेऊन मागच्या दात्यावर चढताना खटका देते.

गंजाची सार्वत्रिक कुरकुर हा वेगळा प्रकार होय. कोरडा धातू धातूवर सलग घसरत नाही; तो चिकटतो, ताण साठतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हेच सेकंदाला शेकडो वेळा घडले की स्वर उमटतो. सारंगीच्या गजाला राळ लावून आपण हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतो, आणि बिजागरीला तेल देऊन तीच मोडून काढतो. तेल मात्र बेताने द्यावे. ओघळणाऱ्या तेलावर कल्याणच्या रस्त्यांची धूळ बसली की त्याची सहाण बनते आणि पिना झिजू लागतात. चेन "लांबली" असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नसते. प्रत्येक जोडात जेमतेम कागदाच्या जाडीएवढी झीज होते, आणि 112 जोडांची बेरीज मिळून चेन सुमारे 14 मिलिमीटर वाढते. नवी असताना 12 इंचांत बसणाऱ्या 24 कड्या पाव इंचाच्या निम्म्याने पुढे सरकल्या, तर चेन बदलण्याची वेळ टळून गेली असे खुशाल समजावे.

1 मे 1854 रोजी ज्या गावात आगगाडी आली, त्या आमच्या कल्याणला ध्वनिपरीक्षा नवी नाही. फलाटावर उभ्या गाडीच्या चाकांवर लांब दांड्याची हातोडी आपटीत जाणारा रेल्वेचा माणूस आमच्या पिढीने पाहिला आहे. धड चाक खणखणे, तडा गेलेले बद्द वाजे. तो नादाचा गुण ऐकत असे, चाचा काळाचे अंतर ऐकतो. सायकलदुरुस्तीला हलकी विद्या मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवण्यापूर्वी बेळगावात सायकलींचेच दुकान थाटले होते.

चाचाने पायडल हळूहळू उलटे फिरवले, खालच्या पदरात कुबड दिसताच बोट ठेवले, तेलाचा एक थेंब सोडला, आणि दोन्ही अंगठ्यांनी ती कडी आडवी हलवून मोकळी केली. काम दोन मिनिटांचेही नव्हते. परत येताना दुर्गाडीच्या पुलाचा चढ लागला तेव्हा त्या शांततेत मला दुसराच एक बारीक आवाज ऐकू आला, जो इतके दिवस मोठ्या खटक्याखाली दबून गेला असावा: करर्, करर्. मी फेऱ्या मोजू लागलो, पण हिशेब कुठल्याच चक्राशी जुळेना. तेव्हा मी पायडलांवर उभा राहिलो, आणि आवाज बंद झाला. तो सीटच्या स्प्रिंगचा होता.